गणपूर्ती

काकती ओलांडून हमरस्ता सोडला की टेकडी,
टेकडीवर विद्यापीठ, आणि वारा असा
की पेपरवेटखालची विषयपत्रिकासुद्धा
एका कोपऱ्यानं बोलत राहते.

कला विद्याशाखेची सभा. अकराची वेळ.
सदस्य तेरा, कोरम पाच.
आत चौघं बसलेत, उप्पीट निवतंय.
पाचवी मी,
बाहेर, व्हरांड्यातल्या बाकावर.

सातवी बाब मी बसमध्येच वाचली होती :
पंधराच्या आत पट असलेले ऐच्छिक विषय
येत्या वर्षापासून बंद.
कुठल्या विषयाचं नाव नाही त्यात.
माझ्या वर्गात नऊ जण बसतात,
सहा खानापूरकडचे, दोघी येळ्ळूरच्या,
आणि चिकोडीचा एक मुलगा, जो कन्नडमधून विचार करतो
आणि मराठीतून भांडतो.

आत गेले तर चारास एक.
नाही गेले तर अर्ध्या तासानं सभा तहकूब.
तहकूब सभेला कोरम लागत नाही, ठाऊक आहे मला.
पण ती महिन्यानं भरेल,
आणि महिन्याभरात, गावोगाव हिंडून,
सहा पोरं कुठूनही आणीन.
आठ वर्षं या मंडळावर आहे.
बोलून जे जमलं नाही ते आज
न बोलता, न दिसता, नुसतं बाकावर बसून होणार होतं.

शेजारी मडिवाळर येऊन बसले.
कन्नड जानपदाचे, तासिका तत्त्वावरचे.
खिशातल्या शेंगा पुढं केल्या.
"बाई, कोरम झालं काय हो?
आठवी बाब माझी आहे.
सात महिन्यांचं मानधन."
टरफलं ते रुमालात गोळा करत होते,
व्हरांडा झाडणाऱ्या बाईला त्रास नको म्हणून.
मी म्हटलं, बघूया.
शेंग खवट निघाली. गिळली.

अकरा वाजून बावीस.
शिग्गावी हजेरीचं पुस्तक घेऊन बाहेर आले.
सभा विभागात त्यांची तीस वर्षं गेली,
त्यांना सगळं कळतं, बोलत नाहीत काही.
आमच्यात त्यांच्यात शब्द तेच,
मंजूर, रद्द, ठराव,
त्यांच्या तोंडी फक्त शेवटी एक उकार येतो,
मंजूरु, रद्दु, ठरावु,
जसा दाराला अडणा लावावा, हळूच.
पुस्तक उघडून त्यांनी माझ्या नावावर बोट ठेवलं.
"येतासा न्हवं, देसूरकर मॅडम?"

मडिवाळरांनी वळून पाहिलं.
त्यांना तेव्हा कळलं की कोरम
त्यांच्याच शेंगा खात बसला होता.
ते काही बोलले नाहीत.
रुमालाला गाठ मारत राहिले.

अकरा सत्तावीसला मी सही केली.

सातवी बाब चारास एक.
"विरोध नोंदवा," मी म्हणाले.
डीन म्हणाले, नोंदवतो की.
आठवी बाब दीड मिनिटात मंजूर,
हिरेगौडर तोवर बडीशेप चघळत होते.
बाहेर आले तेव्हा बाकावर कुणी नव्हतं,
आणि एकही टरफल नव्हतं.

पंधरा दिवसांनी इतिवृत्त आलं,
सातव्या ठरावाखाली एकच शब्द :
सर्वानुमतदिंद.
कन्नड मला वाचता येतं, तरी तीनदा वाचला.
आधी राग आला.
मग शिग्गावींचं बोट आठवलं,
आणि समासात, पेन्सिलीनं, फार बारीक,
माझ्या प्रतीपुरतं काढलेलं प्रश्नचिन्ह दिसलं.

पुढल्या सभेची पहिली बाब नेहमीचीच आहे,
मागील इतिवृत्त कायम करणे.
ती कुणी वाचत नाही.
डीन खुर्ची ओढता ओढता "कायम?" म्हणतात
आणि दोन माना हलतात.

आज पावणेअकरालाच पोचलेय.
खोली रिकामी, पंखा बंद,
हजेरीच्या पानावर पहिली सही माझी.
दुरुस्ती दोन्ही भाषांत लिहून आणलीय,
वाऱ्यानं उडू नये म्हणून
तळहाताखाली धरून बसलेय.
व्हरांड्यात कुणाच्या तरी चपला वाजतात.

दोन.